खुर्चीची साक्ष

मिस्लेहच्या भाषणासाठी दोन-चार वाक्यं लिहून देण्यात रातिब मास्तरांचा काय फायदा होता, ते आधी मांडून टाकू. पहिला फायदा डांबराचा. ऐन सिद्र गावच्या नगरपालिकेचं डांबर मास्तरांच्या गल्लीत शिरायचं, शेजारच्या अदीबच्या फाटकापर्यंत यायचं आणि तिथे काहीतरी आठवल्यासारखं थांबायचं. पुढे मास्तरांच्या दारापर्यंत नुसती खडी. मिस्लेह निवडून आला तर ते डांबर पुढे सरकणार होतं. दुसरा फायदा सांस्कृतिक समितीच्या अध्यक्षपदाचा. अशी समिती ऐन सिद्रमध्ये अस्तित्वात नव्हती, पण मिस्लेहने शब्द दिला होता आणि मास्तरांनी मनातल्या मनात तिच्या दोन बैठकाही घेतल्या होत्या. तिसरा फायदा रक्ताचा. मिस्लेह म्हणजे सख्खा चुलतभाऊ. चुलतभाऊ निवडणुकीला उभा असताना जो घरात बसतो त्याला आपल्याकडे कोणी मेल्यावरसुद्धा खांदा देत नाही.

तोट्याच्या बाजूला मास्तरांनी काहीच लिहिलं नाही. उभा जन्म शाळेत भूगोल शिकवण्यात गेला, उतार कुठे आहे हे त्यांना दिसायला हवं होतं. पण भूगोलाच्या मास्तरांना जगाचे उतार दिसतात, घरचे दिसत नाहीत.

मिस्लेह, थोरल्या मुलावरून गावाच्या तोंडी अबू नव्वाफ म्हणजे नव्वाफचा बाप, खडीचा व्यापारी. आवाज दगड फोडण्याच्या यंत्रासारखा, आणि त्या यंत्रातून निघतं तेच त्याच्या तोंडून निघायचं. समोरच्या उमेदवाराबद्दल तो प्रचाराच्या तंबूत रोज एवढंच म्हणायचा, "थल्जी? अरे, तो गाढव आहे, गाढव!" आणि खाली बसायचा.

मास्तरांना हे सहन झालं नाही. नैतिक कारणाने नव्हे, भाषेच्या.

"गाढव म्हणून काय साधलंस?" ते म्हणाले. "शिवी दिली की माणूस मोठा होतो. लोक म्हणतात, बिचाऱ्याला गाढव म्हणाला. शिवीतही एक मान असतो मिस्लेह. शिवी देणाऱ्याने आपल्यासाठी वेळ काढला हे तरी दिसतं. खरा माणूस शिवी देत नाही. तो दखलच घेत नाही."

"दखल नाही घेतली तर बोलू काय? अर्धा तास काढायचा असतो मला."

"दखल घेत नाही, असं बोलायचं."

मिस्लेहला हे झेपलं नाही. पण न झेपलेल्या गोष्टीवर तो विश्वास ठेवायचा, म्हणून तर त्याचा धंदा चालला होता. मास्तरांनी संध्याकाळी गॅलरीत बसून, पुदिन्याचा चहा घेत, एक वाक्य खोडत खोडत तयार केलं.

दुसऱ्या दिवशी तंबू भरला होता. पाकात निथळणाऱ्या कुनाफाच्या पराती फिरत होत्या. निवडणुकीत जाहीरनामा कोणी वाचत नाही, पण कुनाफात चीज किती घातलंय यावर उमेदवाराची नियत ओळखतात. मिस्लेह उभा राहिला आणि पाठ केलेलं बोलला:

"अबू शाहेर थल्जी चार वर्षं नगरपालिकेच्या खुर्चीवर बसले. मी त्यांना वाईट म्हणत नाही. मी म्हणतो, जा आणि त्या खुर्चीलाच विचारा, कोण बसायचं म्हणून. खुर्ची म्हणेल, 'हो, कोणीतरी बसायचं खरं!'"

मग तंबूचे खांब हलले. एका म्हाताऱ्याच्या नाकात कुनाफा गेला. मागच्या रांगेतल्या पोरांनी लगेच जप सुरू केला, "कोणीतरी! कोणीतरी!" लोक मिस्लेहच्या पाठीवर थापा मारत होते. "काय बोललास! अबू नव्वाफ, हे सुचतं कुठून तुला?"

आणि मिस्लेह, ज्याला आयुष्यात दगडाशिवाय काही सुचलं नव्हतं, खाली मान घालून म्हणाला, "देवाची कृपा."

मागून तिसऱ्या रांगेत बसलेल्या देवाच्या कृपेला कोणी दुसरी वाटीसुद्धा विचारली नाही.

इथे मास्तरांचा तोल गेला. राग आला असता तर बरं होतं, राग उतरतो. त्यांना वाटलं ते वेगळंच: अन्याय. म्हणजे वाक्य आपलं, हशा मिस्लेहचा. दोन दिवस कळ सोसली. तिसऱ्या दिवशी सुभी न्हाव्याच्या खुर्चीत, गळ्याभोवती फडकं आणि गालावर साबण असताना, ते सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, "ते खुर्चीचं वाक्य... तुझ्या कानावर आलं असेल."

"आलं म्हणजे! गिऱ्हाईक आलं की मी विचारतो, खुर्चीला सांगू कोण बसलंय? अबू नव्वाफने कमाल केली."

"मिस्लेहला 'माननीय' हा शब्द एका दमात म्हणता येत नाही, सुभी."

सुभीचा वस्तरा थांबला. आरशात दोघांची नजरानजर झाली.

"तुम्ही?"

"मी काही म्हणालो नाही," मास्तर म्हणाले, आणि समाधानाने डोळे मिटले. "आणि हे आपल्या दोघांतच."

न्हाव्याला गुपित सांगणं म्हणजे मशिदीच्या भोंग्यात कुजबुजणं. पण मास्तरांना ते माहीत नव्हतं असं कोण म्हणेल?

आता हा थल्जी कोण, ते सांगायला हवं, आणि मास्तर ते वाक्य लिहिताना जे जाणूनबुजून विसरले होते तेही. थल्जीचं बाजारात रंगाचं आणि नळाच्या सामानाचं दुकान. अंगाने काटकुळा, आवाज इतका हळू की गिऱ्हाईक पुढे वाकून ऐकायचं. आणि मास्तरांच्या मुलाचं, यामेनचं, ज्या मुलीवर मन बसलं होतं ती रुबा याच थल्जीची भाची. रुबाचे वडील वारलेले, काका परदेशात, शब्द मामाचा. बायकाबायकांत बोलणं झालं होतं. आता फक्त पुरुषांनी वडीलधाऱ्यांना घेऊन रीतसर मागणी घालायला जायचं बाकी होतं. मुहूर्त ठरला होता निवडणुकीनंतरच्या शुक्रवारचा.

मागणीची आपली रीत सगळ्यांना ठाऊक आहे. मुलाकडची वडीलधारी मंडळी जातात, समोर कडू कॉफी येते, म्होरक्या पेला हातात घेतो आणि ओठांना न लावता खाली ठेवतो. "आमचं मागणं ऐकल्याशिवाय पिणार नाही." घरधनी "प्या, दिली" म्हणाला तर कॉफी पोटात, नाही म्हणाला तर माणसं कोरड्या तोंडाने परत. मग त्या गावात तोंड दाखवायची सोय नाही. म्हणजे यामेनचा संसार थल्जीच्या एका "प्या" वर टांगलेला होता, आणि मास्तरांनी बरोबर त्याच माणसाला खुर्चीकडून ओळख नाकारून घेतली होती.

मास्तरांनी स्वतःशी हिशोब जुळवला होता: राजकारण वेगळं, सोयरीक वेगळी. शिवाय वाक्य कोणाचं, हे कळणार कोणाला?

वाक्य मात्र पायाने चालायला लागलं. बेकरीत लोक म्हणत, "रांगेत शेवटी कोण आहे?" "कोणीतरी." शाळेची बस थल्जीच्या दुकानापाशी थांबली की पोरं खिडकीतून ओरडत. त्याच्या दुकानाच्या पाटीवर कोणी खडूने 'मालक: कोणीतरी' लिहिलं. थल्जीने ते पुसलं. पुन्हा लिहिलं. मग त्याने पुसायचं सोडून दिलं.

मास्तरांच्या बायकोने, इन्साफने, हे बेकरीत ऐकलं आणि घरी येऊन पोळ्यांची पिशवी ओट्यावर आपटली.

"अहो अबू यामेन, तुमचा तो मिस्लेह! माणसाला माणूस म्हणत नाहीत हे लोक. ज्याच्या डोक्यातून हे निघालं ना, त्याच्या जिभेला फोड येवोत!"

मास्तर जेवत होते. घास जिभेवर होता. त्यांनी तो सावकाश गिळला.

"प्रचारात चालतंच थोडंफार," ते म्हणाले.

"थोडंफार? उद्या त्यांच्याच दारात पोरासाठी हात पसरायचाय आपल्याला! देवा, निदान आपल्या घरातलं कोणी यात नाही एवढं तरी बरं."

मास्तरांनी पाणी मागितलं.

त्याच आठवड्यात गिरणीवाला म्हातारा गेला. सांत्वनाच्या दालनात गावातले सगळे पुरुष भिंतीला लागून ओळीने उभे होते. येणारा प्रत्येकजण ओळीतून हात मिळवत, "देव तुमचं दुःख हलकं करो" म्हणत पुढे सरकायचा. मास्तर ओळीच्या टोकाला होते. थल्जी आत आला. मृत्यूच्या घरात निवडणूक नसते, असं आपण म्हणतो. पण कॉफीच्या किटलीजवळ उभा असलेला कोणी टारगट हळूच पुटपुटला, "बघा, बघा, कोणीतरी आलं!"

आणि लोक हसले. मोठ्याने नाही, ते वाईट दिसलं असतं. डोक्यावरचा रुमाल तोंडाशी धरून हसले. मेलेल्या माणसाचा थोरला मुलगा, ज्याचे डोळे सकाळपासून सुजले होते, तोही हसला.

नेमका त्या वेळी थल्जीचा हात मास्तरांच्या हातात होता. तो हात सैल पडल्याचं मास्तरांना कळलं. एखाद्या माणसाने खुंटीवर कोट अडकवून निघून जावं तसा थल्जी हात तिथेच ठेवून कुठेतरी निघून गेला. मग परत आला आणि म्हणाला, "उस्ताद, तब्येत बरी ना? गुडघा?"

"बरा आहे," मास्तर म्हणाले.

दालनात जागा असूनही थल्जी दाराजवळ, चपलांच्या शेजारी जाऊन बसला. आणि मास्तरांना इतके दिवस ज्याच्याकडे पाठ फिरवून ते झोपत होते ते आठवलं. थल्जीला लिहिण्याचं वावडं. नगरपालिकेत असताना पूर्वेकडच्या चढावरच्या घरांना पाणी हवं, मुलींच्या शाळेला कुंपण हवं, दवाखान्यात रात्रीची नर्स हवी, अशा प्रत्येक कामाचा अर्ज घेऊन तो मास्तरांच्याच गॅलरीत यायचा. तो हळू आवाजात सांगायचा, मास्तर मोठ्या आवाजाची भाषा करायचे. मग तो अर्ज घेऊन थल्जी जिल्ह्याला खेटे घालायचा, काम होईपर्यंत. त्या खुर्चीवर कोण बसायचं हे गावात दुसऱ्या कोणाला नसेल ठाऊक, मास्तरांना होतं.

घरी जाताना ते सरळ सुभीकडे गेले. "सुभी, ते आपल्या दोघांतलं—"

"अगदी निर्धास्त राहा, उस्ताद," सुभी म्हणाला. "ज्यांच्या पोटात राहील अशांनाच सांगितलंय."

रात्रीच्या जेवणाला इन्साफने ताट वाढलं, समोर बसली आणि काहीच बोलली नाही. ही बाई गप्प बसली की मास्तरांना भूकंपाआधी कुत्री भुंकायची थांबतात ते आठवायचं. यामेन ताटावरून उठून गेला. दार आपटलंसुद्धा नाही त्याने. आपटलं असतं तर मास्तरांना ओरडता आलं असतं.

"फोड आले का बघत होते," शेवटी इन्साफ म्हणाली. "नाही आले."

"इन्साफ, ऐक तर—"

"मी काय ऐकू? तुम्ही बोलायचंय. जा, आणि अबू शाहेरची माफी मागा."

मास्तर जाणारच होते. एकटेच, मान खाली घालून, दुकानाच्या वेळेत. गेले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण सकाळी फाटकाशी अदीब भेटला. अदीब जकात खात्यातून निवृत्त. कुठलीही गोष्ट सरळ पलीकडे जाऊ द्यायची नाही, ही त्याची जन्माची सवय.

"एकटा?" अदीब किंचाळला. "वेडा आहेस का? जाहीर अपमान आणि खासगी माफी? म्हणजे अपमानावर अपमान! लोक म्हणतील, 'कोणीतरी'कडे माफी मागायलासुद्धा कोणी आलं नाही, कोणीतरी आलं. चार वडीलधारी हवीत. मी एक."

अदीबने आपला मेहुणा आणला, कारण मेहुण्याकडे चांगली गाडी होती. मेहुण्याने निवृत्त मुख्याध्यापकांना घेतलं, कारण त्यांच्याशिवाय गेलं तर ते रागावले असते. मुख्याध्यापकांनी सांगितलं की बोलणारा माणूस पाहिजे, आणि ऐन सिद्रमध्ये बोलणारा माणूस एकच, कुटुंबाचे थोरले चुलते हाजी गालेब. मास्तर म्हणत होते, "अहो, छोटीशी गोष्ट आहे." पण तोपर्यंत हाजींनी काळा झगा अंगावर घेतला होता. तो झगा एकदा अंगावर चढला की माणसं जमल्याशिवाय उतरत नसे.

मोजून चार निघायचे होते, ते गल्लीच्या टोकाशी मोटारींची रांग लावण्याइतके झाले. सगळ्यांत शेवटच्या मोटारीत, गुन्हेगार असूनही जागा नसल्यामुळे मागच्या बाजूला कोंबून, रातिब मास्तर.

आणि या एवढ्या शहाण्या, पिकलेल्या डोक्यांपैकी एकाच्याही लक्षात एक गोष्ट आली नाही. प्रचाराच्या दिवसांत थल्जीचं घर म्हणजे थल्जीचा तंबू. आणि प्रचाराच्या दिवसांत एका उमेदवाराच्या घराण्याची वडीलधारी मंडळी, काळे झगे घालून, दुसऱ्या उमेदवाराच्या तंबूत एकाच कारणासाठी जातात: आमचा माणूस मागे घेतो, मतं तुम्हाला.

मोटारींची रांग दिसताच थल्जीच्या तंबूतली माणसं उभीच राहिली. कोणाच्या तरी डोळ्यांत पाणी आलं. कॉफी आली. हाजी गालेबनी पेला घेतला, न पिता समोर ठेवला. मास्तरांनी मान खाली घातली. आता माफीचा उच्चार होणार.

पण हाजींना आयुष्यात एकच भाषण येत होतं. सोयरीक असो, खुनाचा समेट असो की बकरीचा तंटा, भाषण तेच. "अबू शाहेर, आम्ही सगळी दारं सोडून तुझ्या दारी आलोय. आमच्या घराण्याने आजपर्यंत ज्याच्या दारी पाऊल टाकलं त्याचीच बाजू धरली. तुझी बाजू ती आमची बाजू, तुझी अब्रू ती आमची अब्रू—"

मागणं अजून पुढे, भाषणाच्या शेवटी यायचं होतं. पण थल्जी भला माणूस. वडीलधाऱ्याला मागण्यापर्यंत पोचू देणं हेसुद्धा त्याला कमीपणाचं वाटलं. तो चटकन उठला आणि हळू आवाजात म्हणाला, "हाजी, कॉफी प्या. जे मागायला आलात ते दिलं."

हाजी प्यायले. सगळे प्यायले. मास्तरही प्यायले. माफी मागितली गेलीच नव्हती आणि मिळाली होती!

पुढचं कोणालाच आवरलं नाही. "मिस्लेहचं घराणं आपल्यात आलं!" कोणीतरी ओरडलं, बाहेर फटाके लागले, मोबाईल वर झाले. मास्तर "अहो, नाही! आम्ही वेगळ्या कामासाठी—" म्हणत उठले, तर एका धिप्पाड माणसाने आनंदाने त्यांना खांद्यावर घेतलं. ऐन सिद्रमधल्या प्रत्येक फोनवर त्या दिवशी जे चित्र पोचलं त्यात थल्जीच्या तंबूत, लोकांच्या डोक्यांवर, हात हलवून "नाही, नाही" म्हणणारे रातिब मास्तर होते. आवाज नव्हता. हात हलताना दिसत होते. विजयाने.

मिस्लेह तासाभरात मास्तरांच्या दारात.

"कॉफी प्यायलास?"

"प्यायलो. पण ऐक, ती कॉफी—"

"हाजी प्यायले?"

"प्यायले."

"मग संपलं," मिस्लेह म्हणाला आणि दाराच्या चौकटीवर डोकं टेकवून उभा राहिला. क्षणभर मास्तरांना त्याची दया आली. मग तो वळला. "माझी अर्धी माणसं निम्म्या वाटेवरून त्या तंबूत गेली. म्हणे, वडीलधाऱ्यांचा निकाल झाला. माझा तंबू भाड्याचा आहे रे! कुनाफाच्या पराती तशाच पडल्यात!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे चुलतभाऊ निवडणूक कचेरीत गेले. खिडकीतल्या कारकुनाने नाव पाहिलं.

"तुम्ही माघार घेतलेली नाही."

"तेच सांगायला आलोय! मी माघार घेतलेली नाही!"

"मग आलात कशाला?"

"तसं लिहून द्या ना, शिक्का मारून. गावभर लावतो."

कारकून दयाळू होता. त्याने खरोखर शोधलं. "माघार घेतली याचा कागद आहे. माघार घेतली नाही याचा नाही," तो म्हणाला. "हवं तर असं करा: माघारीचा अर्ज द्या. त्याची मुदत संपलीय, म्हणून मी तो नाकारतो. नाकारल्याचा शिक्का मिळेल."

मिस्लेहला ते पटत होतं. मास्तरांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

त्या संध्याकाळी मिस्लेह आपल्या अर्ध्या रिकाम्या तंबूत उभा राहिला. मास्तर आले होते, मागच्या खुर्चीवर. कोणीतरी विचारलं, "अबू नव्वाफ, तुझा भाऊ रातिब तिकडे गेला म्हणतात?" मिस्लेहने तंबूभर नजर फिरवली. ती मास्तरांवरून गेली, थांबली नाही, पुढच्या खांबावर गेली.

"कोण रातिब?" तो म्हणाला.

हशा झाला. वाक्य छोटं होतं, खोडाखोड न करता आलेलं. मास्तरांनी कबूल केलं की घडण निर्दोष आहे. मग त्यांना दिसलं की आपली दोन्ही पावलं एकमेकांवर ठेवून आपण खुर्चीत लहान होत चाललोय. शेजारचा माणूस त्यांच्याकडे बघत होता, आणि ते त्याच्याकडे बघू शकत नव्हते. एका माणसाला हे रोज, बेकरीत, दुकानात, मयताच्या घरात झालं होतं. मास्तरांना एकदाच झालं, तर घरापर्यंत पाय उचलेना.

सकाळी ते निघाले. अदीब फाटकाशी होता. "कुठे? थांब, निदान दोघं तरी—" मास्तर त्याच्याकडे न बघता खडीवरून चालत गेले.

दुकानात थल्जी एका बाईला नळाचा वायसर दाखवत होता. ती गेल्यावर मास्तर काउंटरशी उभे राहिले.

"अबू शाहेर, परवा आम्ही पाठिंबा द्यायला नव्हतो आलो."

"माहीत आहे."

"मी माफी मागायला आलो होतो. खुर्चीचं ते वाक्य... मिस्लेहचं नाही. माझं आहे."

"माहीत आहे," थल्जी म्हणाला.

"सुभीने सांगितलं?"

"सुभीने कशाला सांगायला हवं?" थल्जीने रंगाचा डबा उगाच सरळ केला. "पूर्वेकडच्या पाण्याचा अर्ज आठवतो? 'साहेब, आमच्यावर विश्वास नसेल तर नळाला विचारा, तोही सांगेल की पाणी कसं असतं ते त्याला ठाऊक नाही.' तुम्ही लिहिलेलं. साहेब हसला होता आणि सही केली होती. मी किती जणांना वाचून दाखवलाय तो अर्ज. मग मिस्लेहच्या तंबूतलं ऐकलं. नळाच्या जागी खुर्ची होती, एवढंच. पहिल्याच दिवशी ओळखलं, उस्ताद. तुमच्यासारखं या गावात कोण लिहितं?"

हीच ती दाद. आयुष्यभर जिच्यासाठी मास्तर तडफडले, तंबूत मिळाली नाही म्हणून न्हाव्यापुढे भीक मागितली, ती दाद त्यांना मनापासून, बिनशर्त, देत होता तो हा माणूस.

"मग बोलला का नाहीत?" त्यांचा आवाज फाटला. "मयताच्या घरात माझा गुडघा कसा आहे विचारलंत! तोंडावर थुंकायचं होतं!"

"बोललो असतो तर भांडण झालं असतं. भांडण झालं असतं तर मला शुक्रवारी नाही म्हणावं लागलं असतं. आमच्या घरातल्यांनी म्हणायला लावलं असतं." थल्जीचा आवाज इतका हळू झाला की मास्तरांना पुढे वाकावं लागलं. "रुबाला यामेन आवडतो. बाप नाही पोरीला. मी म्हटलं, मला माहीतच नाही असं धरून चालू."

गिऱ्हाईक आलं. थल्जी त्याच्याकडे वळला, मग पुन्हा मास्तरांकडे. "शुक्रवारी वेळेवर या. हाजींना म्हणावं भाषण थोडक्यात करा."

निकाल लागला. मिस्लेहची माणसं तंबू बदलताना निम्मी वाटेत सांडली होती, आणि थल्जीचे जुने लोक "मिस्लेहचं घराणं घेतलं? मग आमची काय किंमत?" म्हणून रुसले होते. त्या दोघांच्या मधून तिसराच उमेदवार निवडून आला. तो राजधानीत राहतो आणि ईदला येतो. मिस्लेह पडला, पण त्याचं फार बिघडलं नाही. भावाने घात केला ही गोष्ट त्याला पुढची चार वर्षं पुरणार आहे, आणि मतांपेक्षा ती त्याला जास्त शोभते.

शुक्रवारी मंडळी गेली. हाजी गालेबनी पेला ठेवला, "सगळी दारं सोडून" इथपर्यंत आले, आणि थल्जी म्हणाला, "प्या. दिली. आणि घराणं कुठलं, तर आमच्या उस्ताद रातिबांचं. आमच्या भागात पाणी आलं ते यांच्या लेखणीने." सगळ्यांनी मास्तरांकडे आदराने पाहिलं. यामेनने बापाकडे पाहिलं नाही. मास्तर कॉफी प्यायले. ती इतकी कडू होती की त्यांना बरं वाटलं, पण दुसऱ्या घोटाला ती नेहमीचीच निघाली.

थल्जी पुन्हा उभा राहिला नाही. 'कोणीतरी' हे नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. आता त्यात द्वेष उरलेला नाही, त्याच्या घरचेसुद्धा प्रेमाने त्याच नावाने हाक मारतात आणि तो ओ देतो. उन्हाळ्यात पूर्वेकडच्या चढावरचं पाणी पुन्हा आटलं. तिथल्या बायका मास्तरांकडे आल्या. मास्तरांनी अर्ज लिहिला, साध्या भाषेत, कोणत्याही वस्तूला बोलायला न लावता. मग विचारलं, "जिल्ह्याला घेऊन कोण जाईल?" बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मास्तर स्वतः गेले. दोनदा गेले. त्यांना बाकावर बसवून ठेवलं आणि परत पाठवलं. खेटे घालायलाही अंगात काही असावं लागतं, ते त्यांच्यात नव्हतं.

तेव्हा कोणी काय किंमत भरली त्याचा हिशोब असा: मिस्लेहने जागा भरली, बदल्यात तक्रार मिळवली. चढावरच्या बायकांनी पाणी भरलं, डोक्यावरून. थल्जीने नाव भरलं, तेही सगळ्यांच्या वतीने आणि पावती न मागता. रातिब मास्तर मात्र प्रत्येकाकडे जाऊन आले, बायकोकडे, मुलाकडे, थल्जीकडे तर दोन वेळा, की माझ्याकडून काहीतरी घ्या. कोणी घेतलं नाही.

सुनेने काल सकाळी चहा आणून दिला आणि म्हणाली, "बाबा, मामा विचारत होते, गुडघा कसा आहे?"

मास्तर म्हणाले, बरा आहे.